बाल्कनीतला गुडमार

बाबांनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आहेत, हे मला वेलाकडून कळलं. रविवारी सकाळी बाल्कनीत कपडे वाळत घालताना कुंडीकडे लक्ष गेलं, तर वेलाची खालची पानं गायब. अळीने खाल्लेलं पान ओळखू येतं. कडा कुरतडलेल्या असतात, मध्ये भोकं असतात. इथे पानं देठाशी नखाने खुडलेली होती. घरात माणसं दोनच, बाबा आणि मी. मी खुडली नव्हती.

"बाबा, ही पानं?"

"मी खातो," वर्तमानपत्र खाली न ठेवता ते म्हणाले. "रोज सकाळी अनशापोटी."

"आणि गोळ्या?"

"त्या नाही घेत आता. गरज काय? ही बिल्कुल नॅचरल चीज आहे. वर तुमच्याच कंपनीची."

बाबांची सगळी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात गेली. माझं बालपण सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. निवृत्तीच्या आसपास त्यांनी मयूर विहारला सोसायटीत फ्लॅट घेतला आणि आईला मोठी बाल्कनी दिली. आईने तिथे दोन-तीन वर्षं झाडं लावली आणि मग ती गेली. हृदयाचा आजार होता. मी लग्न केलं नव्हतं, करायचंही नव्हतं. आईनंतर भाड्याची खोली सोडून बाबांकडे राहायला आले. आम्ही एका घरात राहत होतो आणि एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो. भाजी काय आणायची, गॅस संपला का, एवढंच. दोघांनाही ते सोयीचं आहे असं मला वाटत होतं.

गोळ्या बंद म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं. बाबांची साखर जुनी होती. डोळे तपासून झाले होते, मूत्रपिंडावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. अशा माणसाने एका कुंडीच्या भरवशावर औषध सोडायचं, आणि ती कुंडी कोणती, तर आमच्या कंपनीने दिवाळीला वाटलेली. मला इतका राग आला की उरलेले कपडे मी तसेच बादलीत ठेवून दिले.

त्या कुंडीचं सांगायला हवं. मी फरीदाबादच्या एका कारखान्यात नोकरी करत होते. मालकांच्या वडिलांचा त्याच शेडमध्ये नट-बोल्टचा धंदा होता. बाजार खुला झाला, बाहेरचा माल यायला लागला, नट-बोल्टला कोणी विचारेना. मुलाने बघितलं की तिकडच्या लोकांना आता आपल्या जडीबुटी हव्या आहेत. मशीन विकली, पत्रे बदलले, वनस्पतींचे अर्क काढायचा कारखाना उभा राहिला. मुख्य माल गुडमार. या वेलाचं पान चावलं की थोडा वेळ जिभेला गोड लागत नाही. साखरेवरही ते पूर्वीपासून देतात.

रानातून येणारा पाला कधी चांगला, कधी निकृष्ट, म्हणून मालकांनी स्वतःची लागवड करायचं ठरवलं. पॉलिहाऊसमध्ये रोपं वाढवली आणि एक दिवस स्वतः फेरी मारून त्यातलं सगळ्यात धष्टपुष्ट रोप निवडलं. "इसकी सेहत देखो!" असं ते म्हणाल्याचं मला नंतर पुष्कळ जणांनी सांगितलं. सोयरीक ठरवताना मुलगा बघावा तसं ते रोप बघितलं गेलं. मग त्याच्या एकट्याच्या तुकड्यांपासून काचेच्या बाटल्यांमध्ये हजारो रोपं तयार केली, सगळी हुबेहूब एकसारखी. पानं तळहाताएवढी, एकावर डाग नाही. त्यांचा अर्क काढला, तर त्यात हवा तो, गोडी मारणारा पदार्थ जवळजवळ नाहीच.

हे असं का झालं, ते शोधायला मला नोकरीवर घेतलं होतं. शोध लागेपर्यंत त्या बाटल्यांमधल्या रोपांचं करायचं काय, हा प्रश्न मालकांनी आपल्या परीने सोडवला. दिल्लीत दिवाळीला ऑफिसातून सोनपापडीचा नाहीतर ड्रायफ्रूटचा डबा मिळतो. आमच्याकडे त्या वर्षी प्रत्येकाला एक कुंडी मिळाली, सोनेरी रिबन बांधलेली, आणि त्यावर छापील कार्ड: 'मीठा खाइए, बेफ़िक्र रहिए'. सगळे हसले आणि कुंड्या घेऊन गेले. मीही घेऊन आले. रिबन बाबांनी सोडली आणि कार्ड नीट वाचलं.

"त्यात काही नाहीये बाबा," मी म्हणाले.

"काही नाही कसं? गुडमार नाही का तो?"

"गुडमारच आहे."

"मग?"

या 'मग'चाच मला पगार मिळत होता.

बाबांना नुसतं सांगून काही उपयोग होत नसे. मंत्रालयात आयुष्यभर त्यांनी लोकांचं सांगणं ऐकून घेतलं होतं आणि मग आपल्या मनासारखं केलं होतं. मुद्दा समजला मात्र की ते ऐकतात, असा माझा अनुभव होता. म्हणून मी ठरवलं की यांना समजावायचं, अगदी मुळापासून. आणि तोपर्यंत गोळी चालू ठेवायची, अशी अट घातली. "चलो, ठीक है," ते म्हणाले. सकाळी चार्टर्ड बस पकडायच्या घाईत मी गोळीची पट्टी त्यांच्या ताटाजवळ ठेवायचे. "घेतो," ते म्हणायचे. मी निघून जायचे.

संध्याकाळी चहाबरोबर आमचा वर्ग भरायचा. झाडाला औषध बनवायचं नसतं, इथून मी सुरुवात केली. आपलं पान खाणाऱ्याचं तोंड बिघडवायचं, एवढंच त्याला हवं असतं. त्याकरता लागणारा पदार्थ पेशीत टप्प्याटप्प्याने बनतो. प्रत्येक टप्प्याला एक एन्झाइम आणि ते एन्झाइम कसं बनवायचं याची माहिती एका जनुकात. ही जनुकं झाडाच्या प्रत्येक पेशीत असतात, रानातल्या वेलात असतात आणि आपल्या कुंडीतही आहेत. पण जनुक असणं वेगळं आणि ते वाचलं जाणं वेगळं. पेशीला गरज वाटली तरच त्या जनुकाची नक्कल निघते, नक्कल एन्झाइम बनवणाऱ्या यंत्रणेकडे जाते आणि कामाला सुरुवात होते. गरज वाटली नाही, तर जनुक जागच्या जागी पडून राहतं.

"म्हणजे फाईल आहे," बाबा म्हणाले, "पण कुणीतरी वर बसलंय."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. खरोखरच कुणीतरी वर बसलेलं असतं. ही जनुकं दाबून ठेवणारी प्रथिनं असतात. ती नेमकी कोणती, हे त्या सुमारासच जगात कळायला लागलं होतं. अळीने पान चावलं की जखमेच्या जागी एक संप्रेरक तयार होतं आणि ते झाडभर निरोप देतं. मग दाबून बसलेल्या प्रथिनाची विल्हेवाट लागते आणि बंद पडलेली जनुकं वाचली जायला लागतात.

"अच्छा. आणि मग झाड हे आधीपासूनच करून का ठेवत नाही? रोज थोडं थोडं?"

प्रश्न चोख होता. झाडाला ते परवडत नाही, हे त्याचं उत्तर. पेशीत तीस कार्बनची एक लांब साखळी बनते. तिची घडी एका पद्धतीने पडली तर पेशींच्या पडद्यांना लागणारा माल तयार होतो, म्हणजे वाढ. दुसऱ्या पद्धतीने पडली तर या कडू पदार्थाचा सांगाडा तयार होतो, म्हणजे बचाव. साखळी एकच असते. जे झाड सुखात आहे, ते वाढीकडे माल वळवतं आणि तळहाताएवढी पानं काढतं. मालकांनी सेहत बघून निवडलं, ते नेमकं असं झाड होतं.

"बजेट एक, हेड दोन," बाबा म्हणाले आणि स्वतःवरच खूश झाले.

त्यांना समजतंय, याचा मला आनंद व्हायला लागला होता. खरं तर कारखान्यात माझं असं ऐकून घेणारं कोणी नव्हतं. मालकांना फक्त 'कब तक' एवढं कळायचं होतं. इकडे बाबा मी दारातून आत आल्या आल्या विचारायचे, "आज फाईल कुठपर्यंत आली?" मग मी सांगायचे. पान द्रवरूप नायट्रोजनमध्ये कसं कुटायचं, की काचेसारखं तडकून त्याची पूड होते. त्यातून जनुकाच्या नकला काढताना हा चिकट पाला कसा छळतो. या वेलाची जनुकं कुणी वाचलेली नव्हती, म्हणून दुसऱ्या झाडांमधल्या ओळखीच्या जनुकांशी जुळणारा भाग धरून अंदाजाने कसं शोधावं लागतं. आणि शेवटी जेलच्या चकतीवर, अतिनील दिव्याखाली, जनुक वाचलं जात असेल तर एक चमकती पट्टी दिसते, नाहीतर दिसत नाही.

एक दिवस त्यांनी लहानपणीची गोष्ट सांगितली. आमच्या गावाकडे याला बेडकीचा पाला म्हणतात, हे मला माहीतच नव्हतं. दिल्लीत वाढलेल्या माणसाला असले शब्द कुठून येणार. गावातली मुलं नवख्या मुलाला फसवून हा पाला चावायला लावत आणि वर गुळाचा खडा देत. गूळ मातीसारखा लागला की तो बिचारा थू थू करत पळायचा.

"मग आपल्या कुंडीतल्या पानाने गूळ मातीसारखा लागतो का?" मी विचारलं.

बाबांनी करून बघितलं नव्हतं. साखर खायची नाही हा नियम ते कडक पाळत होते, त्यामुळे पान चालतं की नाही हे कळायला मार्गच नव्हता.

कारखान्यामागे कुंपणाच्या भिंतीवर रानातल्या बियांपासून उगवलेले काही वेल होते. त्यांना कोणी पाणी घालत नसे. पानं बारकी आणि चाळणी झालेली. त्यातली मूठभर मी घरी आणली. आधी कुंडीतलं पान चावून दोघांनी चिमूटभर साखर जिभेवर ठेवली. गोड लागली. मग चुळा भरून भिंतीवरचं पान चावलं आणि पुन्हा साखर. वाळूसारखी करकरली, चव काहीच नाही.

आता पटलं असेल, असं मला वाटलं. बाबा बराच वेळ जीभ टाळूला लावून चव शोधत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आपल्या झाडाला शिकवायला पाहिजे."

हे मी गृहीत धरलेलं नव्हतं. त्या वेलावर पोपटी अळ्या यायच्या आणि बाबा रोज सकाळी त्या एक-एक वेचून खाली सोसायटीच्या बागेत सोडून यायचे. पानं ओल्या फडक्याने पुसायचे. शेणखत आणायचे. ते सगळं त्यांनी एका दिवसात बंद केलं. अळ्या खात राहिल्या. पानांना भोकं पडली, नवीन पानं बारीक यायला लागली, वेल अगदी कळाहीन दिसायला लागला. बाबा खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसायचे.

"रक्त तपासून घेऊ या," मी म्हणायचे.

"आधी झाड तयार होऊ दे."

मी थर्मासमध्ये बर्फ घालून कुंडीतली पानं कारखान्यात नेली, अळी लागण्याआधीची फ्रीझरमध्ये ठेवलेली होतीच. दोन्ही शेजारी शेजारी लावली. आधीच्या पानात पट्टी नव्हती म्हटलं तरी चालेल. नंतरच्या पानात ती इतकी ठळक आली की मी दिवा बंद करून पुन्हा लावून बघितला. अळीने न चावलेल्या वरच्या पानातही आली होती. निरोप सगळीकडे पोचला होता. मला फार आनंद झाला. नोकरीत असा आनंद क्वचित मिळतो, म्हणून तो लपवायची मला गरज वाटली नाही. मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मतलब अब कीड़े पालें?" कीड पाळायची गरज नाही, तेच संप्रेरक अगदी पातळ करून फवारता येईल, हे सांगितल्यावर त्यांना हायसं वाटलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी उठून लगेच पान तोडलं, चावलं, साखर तोंडात टाकली आणि लहान मुलासारखे हसले. "माती! एकदम माती!"

"ही जीभ आहे बाबा. रक्त नाही. गोळीची जागा चार पानं घेत नाहीत."

"बिल्कुल," ते म्हणाले.

हिवाळा ऐन भरात होता. आमच्या समोरच्या रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहत होते आणि फुटपाथवर जिकडेतिकडे खडी पसरली होती. बाबा सकाळी फिरायला जायचे ते त्यातूनच. एका सकाळी ते परत आले, दाराशी बूट काढला आणि मला दिसलं की मोज्याचा पुढचा भाग लाल आणि ओला आहे. बूट उपडा केला, तर टोकदार खडीचा एक तुकडा टप्प करून फरशीवर पडला. पूर्ण फेरी त्यांनी तो करंगळीखाली घेऊन मारली होती.

"दुखलं नाही?"

"नाही," बाबा म्हणाले आणि पायाकडे असं बघत राहिले की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. ज्या झाडाला एक अळी चावली की शेंड्यापर्यंत कळतं, त्याच्याबद्दल मी या माणसाला दोन महिने शिकवत होते, आणि त्यांच्या स्वतःच्या पायाला निरोप जात नव्हता.

जखम भरली नाही. आधी मलमपट्टी, मग इंजेक्शनं, मग बोट काळं पडायला लागलं आणि करंगळी काढावी लागली. रक्तातली साखर बघून डॉक्टरबाईंनी भुवया उंचावल्या. नसा अशा मरायला वर्षं लागतात, त्या म्हणाल्या, पण गेल्या काही महिन्यांनी जखमेची वाट लावली. "दवाई कब से बंद है?"

मी म्हणणार होते की चालू आहे. तेवढ्यात बाबांनी खरं सांगून टाकलं. दिवाळीपासून एकही नाही. ताटाजवळची गोळी ते रोज बाल्कनीतून खाली टाकत होते.

"क्यों?" डॉक्टरबाईंनी विचारलं. बाबांनी खांदे उडवले. त्या बाहेर गेल्या आणि मी माझ्या मनातलं सगळं बोलून घेतलं. हॉस्पिटलच्या खोलीत बोलू नये इतक्या मोठ्याने बोलले. तुम्हाला सगळं समजलं होतं, मी म्हणाले, जीन समजलं, एन्झाइम समजलं, जीभ आणि रक्त वेगळं हेही समजलं. मग हे का?

बाबा छताकडे बघत होते. "तुझी आई माझी गोळी माझ्या हातावर ठेवायची," ते म्हणाले. "मी तिच्या. चहा झाला की. तिच्या तर किती होत्या. एक चुकू दिली नाही मी, तरी गेली. त्यानंतर आपली आपण पट्टीतून काढायची... सुरुवातीला घेत होतो. मग नको वाटायला लागलं."

"मग मला सांगायचं."

"काय सांगणार? तू कुठे बोलायचीस. या, जा, जेवलात का. कुंडी आली आणि तू बोलायला लागलीस. रोज संध्याकाळी. म्हटलं, पटलं म्हणून गोळी खरंच सुरू केली, तर हे संपेल."

मला रडू आलं नाही, संताप आला. माणसाचं बोट गेलं होतं आणि चेहऱ्यावर पश्चात्तापाचं नाव नव्हतं. सौदा पटल्यासारखे ते शांत पडून होते. नर्स औषधांची वाटी घेऊन आली, तेव्हा मी ती तिच्या हातून घेतली, गोळी बाबांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांनी ती गिळेपर्यंत तिथेच उभी राहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि काय बोलावं ते न कळून, आईबद्दल बोलायला लागले.